चाक मोठं केलं की नेमकं काय मोठं होतं?

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला तुम्ही मोटारीच्या चाकावर बोलायला उभं केलंत, याचं आम्हांला स्वतःला फारसं नवल वाटत नाही. ‘मिलिंदपञ्ह’ नावाचा पाली ग्रंथ आहे. त्यात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला रथाबद्दल छेडतात. दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, असं एकेक विचारत जातात आणि राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागतं. हा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षं वर्गात सांगितला. पण एका भागाला हात लावला की सगळा रथ कसा बदलतो, हे आम्हांला कळलं ते आमच्या भाच्याने गाडीला सतरा इंची चाकं बसवली तेव्हा.

प्रतापगडला महाशिवरात्रीची जत्रा भरते. महादेवाच्या दर्शनाला आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्यावर एकाच गर्दीतून माणसं जातात. पूर्वी पायथ्याशी बंड्या सुटलेल्या असत, आता चारचाकी उभ्या असतात. त्यांच्या चाकांकडे पाहत चला. लहानशी गाडी, आणि खाली चमचमणारी भली मोठी अलॉय चाकं. पोरांना विचारलं की उत्तर ठरलेलं. मोठं चाक खड्ड्यात अडकत नाही, गाडी पळते, रस्ता धरून चालते. भाचाही हेच म्हणाला होता. “मामाजी, आजोबांच्या बंडीचं चाक केवढं होतं? उगाच होतं का?”

उगाच नव्हतं. चार-सव्वाचार फुटांचं चाक, मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, वरून लोखंडी धाव. वाटेत दोन इंचांचा, म्हणजे पाच सेंटिमीटरचा दगड आला असं धरा. एका चाकावर १०० किलोचा भार आहे. चाकाची त्रिज्या ६५ सेंटिमीटर असेल, तर ते दगडावर चढवायला आसावर साधारण ४२ किलोचा आडवा जोर लागतो. त्रिज्या ३० असेल तर तोच आकडा ६६ वर जातो. ही शाळेतलीच भूमिती आहे, कागदावर काढून पाहा. मोठं वर्तुळ ओझं सोपं का करतं, हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर चालणाऱ्या ‘मेकॅनिका’ या ग्रंथातही आहे. ग्रंथ बहुधा त्याच्या शिष्यपरंपरेतल्या कुणाचा तरी असावा, पण प्रश्न जुना आहे आणि सुताराला त्याचं उत्तर हाताने माहीत होतं.

आता भाच्याची गाडी. मूळ टायर १८५/६५ आर १५. यातलं १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. भिंत १२० मिलिमीटर, आणि सगळं चाक ६२२ मिलिमीटर व्यासाचं. शहरातल्या एका दुकानात त्याला २०५/५५ आर १७ बसवून दिले. व्यास झाला ६५७. वाढ ३५ मिलिमीटर, म्हणजे गाडी जमिनीपासून उचलली गेली त्याच्या निम्मी, अठरा मिलिमीटर. अंगठ्याच्या रुंदीएवढी! मघाचा दगड घेतला तर चढायचा जोर ६५ वरून ६२-६३ किलोवर आला. आजोबांच्या बंडीशी याची तुलना होत नाही. तिथे चाक दुपटीहून मोठं होतं.

आणि या अठरा मिलिमीटरची किंमत काय? इंजिन आसाला जो पीळ देतं तो ठरलेला. तो जमिनीवर ढकलण्याचा जोर होताना चाकाच्या त्रिज्येने भागला जातो. त्रिज्या पावणेसहा टक्के वाढली की जोर साडेपाच टक्के घटला. सायकलचं मागचं दातेरी चक्र लहान केलं की चढावर मांड्या भरून येतात, तसंच हे. सपाटीवर कळत नाही. चौघे बसले, डिकीत तांदळाचं पोतं टाकलं आणि चढ लागला की पहिल्या गिअरमध्ये क्लच जळका वास सोडू लागतो. शिवाय मोठं चाक बहुधा जडही असतं. चाकाच्या काठावरचं एक किलो वजन वेग घेताना गाडीत ठेवलेल्या दोन किलोंइतकं भारी पडतं, कारण त्याला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. ब्रेकलाही तेच दोन किलो थांबवायचे असतात.

ब्रेकवरून आठवलं, काट्याचं सांगायला हवं. गाडीचा वेग मोजणारी यंत्रणा रस्ता पाहत नाही, चाकाचे फेरे मोजते. एका फेऱ्यात किती अंतर जातं हे तिला कारखान्यात शिकवलेलं असतं. चाक मोठं झालं की प्रत्येक फेऱ्याला अंतर जास्त, पण काटा जुनंच सांगणार. पूर्वी ८० दाखवताना जो खरा वेग होता, त्याच्या पावणेसहा टक्के जास्त वेगाने गाडी आता जाते. काटा मुळात अचूक धरला तर ८० च्या जागी ८४.६, आणि समृद्धी महामार्गावर १२० च्या जागी १२७. कंपन्या काटा थोडा जास्तच दाखवणारा ठेवतात हे खरं. पण ती सावधगिरीची शिल्लक इथे खर्च होते. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे काटा तेच सांगत असताना अंतर बारा टक्क्यांनी लांबलेलं असतं. नवेगावबांधच्या रस्त्याला रात्री चितळ नाहीतर रानडुक्कर आडवं येतं, तेव्हा हे बारा टक्के कुठे असतात ते पाहा.

भाच्याला पहिला त्रास मात्र वेगळाच झाला. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासायचा. दुकानदाराने टायर बदलून दिले, पैसे अर्थातच वेगळे. आता २०५/४५ आर १७. हिशेब करा, व्यास ६१६, म्हणजे मूळ मापाच्या एक टक्क्याच्या आत. काटा ठीक, घासणं बंद, जोरही जवळपास पूर्वीचा. भाचा खूश. आम्हीही गाडीत बसलो. चांगल्या डांबरी रस्त्यावर गाडी खरंच छान वळत होती. स्टिअरिंग हलवलं की तत्क्षणी तोंड फिरायचं. हे नाकारण्यात अर्थ नाही. उंच भिंतीचा टायर वळणावर आधी बाजूला झुकतो, मग गाडीला वळवतो. बुटक्या भिंतीचा टायर हा मधला वेळ वाचवतो.

पण इथेच आमच्या डोक्यात प्रकाश पडला. चाक मोठं झालंच नव्हतं! बाहेरचं वर्तुळ तेवढंच होतं, उलट अर्धा सेंटिमीटर कमी. मोठी झाली होती ती आतली रिम. भिंत १२० वरून ९२ मिलिमीटरवर आली होती. धातू वाढला होता आणि हवा कमी झाली होती.

गाडीचा भार टायरमधली दाबलेली हवा पेलते, रबर तिला नुसतं धरून ठेवतं. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला. त्याच्याही आधी, १८४५ च्या सुमारास, रॉबर्ट थॉमसनने त्याचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही. त्या शोधाचा अर्थ आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिला आहे. लाकडी चाकाची बंडी गेली आणि टायरची बंडी आली. चाक निम्म्यावर आलं. मघाच्या भूमितीप्रमाणे बैलांना जड जायला हवं होतं. झालं उलटं, तीच जोडी जास्त ओझं ओढू लागली. लोखंडी धावेला दगडावर चढावंच लागतं, सगळं ओझं उचलून. हवेचा टायर दगडाला पोटात घेतो, ओझं वर जातच नाही. मऊ वाटेत तो रुतूनही बसत नाही. म्हणजे आजोबांच्या पिढीने मोठं चाक सोडून लहान चाक घेतलं ते हवेसाठी, आणि नातू पैसे मोजून ती हवा परत काढतोय!

पुढचं सांगायला नको. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा, गाडीत त्याची आई, म्हणजे आमची बहीण. वेग साठच्या आसपास. टायरची भिंत खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चेपली गेली, आतले धागे तुटले, बाजूला लिंबाएवढा फुगा आला आणि रिमची कड वाकली. बहिणीच्या मानेला झटका बसला तो पुढे कित्येक दिवस होता. टायर जागेवर फुटला नाही हे नशीब. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. पंक्चरवाला हो म्हणाला तरी चालवू नका.

रुंद टायरने पकड वाढते असं म्हणतात, तेही अर्धवट खरं आहे. हवेचा दाब तोच ठेवला तर जमिनीला टेकणारी जागा ढोबळमानाने तेवढीच राहते, फक्त लांब होती ती आडवी होते. कोरड्या रस्त्यावर वळताना त्याचा फायदा आहे. पण साचलेल्या पाण्यात आडव्या टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की तो पाण्यावर तरंगतो, आणि तेव्हा ना स्टिअरिंग ऐकतं ना ब्रेक. चार महिने पाऊस झेलणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवावं.

मग बदलूच नये का? दाराच्या खांबावर एक पट्टी चिकटवलेली असते. तिथे टायरचं माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. कंपनीने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला सोळा इंची चाकं दिली असतील तर ते माप पुस्तिकेत सापडतं. तिथवर जायला हरकत नाही. त्यापलीकडे बाहेरचा व्यास, रिम आत-बाहेर किती बसते ते, टायरची भार पेलण्याची ताकद, सगळं तुम्हांलाच तपासावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीत नसलेल्या फेरफारांबद्दल आहे, तेही वाचून ठेवा. आणि स्टेपनी! चार चाकं बदलणारे पाचवं विसरतात. मग पंक्चर झालं की एका आसावर दोन व्यासांची चाकं फिरतात आणि डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही झिजत राहतं.

समोरून एका शेतकरी काकांनी विचारलंय की ट्रॅक्टरचं मागचं चाक एवढं मोठं असून तो जोर कसा लावतो. प्रश्न बरोबर आहे, आमच्याच हिशेबाने तो कमजोर व्हायला हवा. पण ट्रॅक्टर बनवणाऱ्याने चाक मोठं करताना गिअरपेटीनंतर मागच्या आसापाशी वेग आणखी उतरवणारी दातेरी चाकं दिलेली असतात. त्रिज्येने खाल्लेला पीळ तिथे भरून निघतो. आणि ते टायर नीट पाहा. रिम लहान, भिंत हातभर, हवेचा दाब गाडीच्या टायरपेक्षा कितीतरी कमी. मोठेपणा सगळा हवेचा आहे. रोवणीआधी चिखलणीला बांधीत उतरताना तुम्ही लोखंडी केजव्हील जोडता, ते चिखलासाठी ठीक, तिथे खाली मऊच असतं. डांबरी रस्त्यावर तेच चाक आणलंत तर रस्ताही फुटतो आणि तुमची पाठही.