पेटीची गवसणी

आभाळाला गवसणी घालणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. वर्तमानपत्रांतून त्यांची छायाचित्रेही झळकतात. पण गवसणी या शब्दाचा साधा, घरगुती अर्थ ठाऊक असणारी मंडळी आता बहुधा गाण्याबजावण्याच्या घरांतच उरली आहेत. तंबोऱ्याला, सतारीला, पेटीला घालावयाची खोळ म्हणजे गवसणी. आज मी सांगणार आहे ती अशाच एका गवसणीची हकीकत. ती आमच्या कोल्हापूरच्या पेटीसाठी गोव्यातील मोरजी गावी विणली गेली आणि तिने मला, वीस वर्षे संगीत शिकविणाऱ्या माणसाला, त्रिताल नव्याने शिकविला.

माझे वडील करवीर दरबारी पेटी वाजवीत. सतराव्या वर्षी, १९४६ साली, ते दरबारी रुजू झाले आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले. म्हणजे दरबारची चाकरी उणीपुरी तीन वर्षांची. पण वागण्याबोलण्यात ते जन्मभर दरबारीच राहिले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. माझ्या कानांवर जे दरबारी वैभव पडले ते सारे त्यांच्या तोंडचे. खांसाहेब अल्लादियाखाँ, गोविंदराव टेंबे ही नावे घेताना ते आधी कानाला हात लावीत आणि मग बोलत.

त्यांच्या मनात एक सल होता. आकाशवाणीने १९४० साली पेटीला आपले दार बंद केले. पेटीचे सूर ठरीव, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, असा तिच्यावर आरोप होता. १९७१ मध्ये ती बंदी सैल झाली. पण तोवर वडिलांच्या उमेदीची वर्षे निघून गेली होती. ज्या गवयांची साथ ते मैफलीत करीत, त्यांचेच गाणे रेडिओवर लागले की ते मुकाट्याने उठून परसात जात. मात्र आपल्या पेटीवर त्यांनी राग काढला नाही. पालिताण्याच्या पितळी सुरांची ती पेटी रोज पहाटे उघडे आणि वाजवून झाली की दरबाराकडून मिळालेल्या जांभळ्या मखमलीच्या गवसणीत जाऊन बसे.

तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि पेटी त्या मखमलीत गेली ती गेलीच. मी शाळेत शिकवतो ती पेटी वेगळी, घरी शिकवण्यांना लागते ती वेगळी. वडिलांच्या पेटीला हात लावण्याचा मला धीर होईना. गेल्या वर्षी मार्चमध्ये गवसणी उचलली तर मखमलीला कसर लागलेली, आणि आत ओल धरून दोन सूर बसलेले. दुरुस्त करणाऱ्याने सूर घासूनपुसून दिले आणि जाताना सांगितले, "मास्तर, मखमल नको, रेक्झिन तर नकोच. जरा वारा खेळेल असे काहीतरी घाला. आणि वाजवत जा."

वारा खेळेल असे म्हटल्यावर पत्नीला तिच्या मोरजीच्या आत्यांची आठवण झाली.

मोरजी हे पेडणे महालातील, शापोरा नदीच्या मुखाशी वसलेले गाव. हल्ली मोरजी म्हटले की लोकांना किनाऱ्यावर अंडी घालावयास येणारी सागरी कासवे आठवतात, नाहीतर परदेशी पाहुणे. मला मात्र आठवते ते आत्यांचे घर. त्या घरात उघडी अशी वस्तूच नाही. पाण्याच्या तांब्यावर जाळीचा रुमाल आणि वाऱ्याने तो उडू नये म्हणून कडेला ओवलेले काचेचे मणी. टेबलावर जाळी, खुर्चीच्या पाठीवर जाळी. कोपऱ्यात एक जुना रेडिओ, त्याला समोरून पडद्यासारखी उघडणारी झालर. हे सारे क्रोशाच्या एका बोटभर आकड्याने आत्यांनी विणलेले.

हे विणकाम आपल्याकडे आले ते बाहेरून. एकोणिसाव्या शतकात युरोपात त्याचा प्रसार झाला. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात बायकांनी क्रोशाच्या लेसवर संसार तगविले. आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरला मिशनऱ्यांच्या हातून ते रुजले. गोव्यात ते पोर्तुगीज अमलात आले. पेडणे पोर्तुगिजांकडे गेले ते फार उशिरा, १७८८ मध्ये; त्याआधी तो मुलूख सावंतवाडीकरांचा. म्हणून तेथील वळण आजही कोकणी-मराठी आहे. आत्या हे काम शिकल्या त्या नदीपलीकडच्या शिवोलीतील एका ख्रिस्ती बाईंकडे. तेव्हा शिवोलीचा पूल झालेला नव्हता, तरीतून जावे लागे. जाताना कडीच्या डब्यात मासे आणि येताना दोऱ्याचे गुंडे, असा तो व्यवहार होता.

मला त्यात एक गंमत वाटली. आमची पेटीही परदेशची पाहुणी. तिच्या फ्रेंच पूर्वजाचे पेटंट अलेक्झांडर दबॅं याने पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले. पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी तिचे पाय काढून तिला आपल्याबरोबर जमिनीवर बसविले. ही पाहुणी घरात रुळली, तरी रेडिओने तिला एकतीस वर्षे परकी मानले. क्रोशाला मात्र कोणी अडविले नाही.

मे महिन्याच्या सुटीत आम्ही मोरजीला गेलो. पेटीची मापे कागदावर होती. आत्या म्हणाल्या, "विणीन. पण वर काय काढू? गुलाब सगळेच काढतात. पेटीवर पेटीचे काहीतरी हवे."

क्रोशात चौकटींची जाळी म्हणून एक प्रकार असतो. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब, की झाले रिकामे घर. साखळ्यांच्या जागी दोन खांब घातले की झाले भरलेले घर. भरलेल्या आणि रिकाम्या घरांतून हवी ती आकृती उठते. भरी आणि खाली! माझ्या डोक्यात एकदम त्रिताल उभा राहिला. सोळा मात्रांची सोळा घरे. एका घराला तीन टाके आणि शेवट बंद करावयाला एक, म्हणजे एका आवर्तनाचे एकोणपन्नास टाके. रुंदीला शहाण्णव घरे धरली की पेटीच्या लांबीत सहा आवर्तने नेमकी बसतात. मध्ये तंबोऱ्याची आकृती, पुढच्या आणि मागच्या काठाला त्रिताल, आणि पुढच्या काठावर प्रत्येक समेखाली तांब्याच्या रुमालासारखा एकेक मणी. मी चौकटीच्या कागदावर नकाशा काढून दिला. पहिल्या आठ मात्रा भरलेल्या, नऊ ते बारा रिकाम्या, तेरा ते सोळा भरलेल्या. पुस्तकात असते तसे. आत्यांनी साईच्या रंगाचा वीस नंबरचा सुती दोरा आणविला आणि सुरुवात केली.

आत्या गाणे शिकलेल्या नाहीत. पेडणे महालाला गाण्याचे वावडे आहे असे मुळीच नाही. याच महालातील मालप्याच्या अंजनीबाई मालपेकरांनी (१८८३–१९७४) हिंदुस्थानभर नाव केले. आमच्या कोल्हापूरच्या अल्लादियाखाँसाहेबांची विद्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्याच दोघींनी उजळविली. पण घरंदाज म्हणविणाऱ्या घरांतील मुलींचे गाणे धालो आणि फुगडीपर्यंत. भजनाची पेटी, पखवाज पुरुषांकडे. लहानपणी चवथीच्या रात्री भजन ओसरीवर चाले आणि आत्या आतल्या दाराआड बसून विणीत. "हात कामात असले की कोण उठ म्हणत नसे," असे त्यांनी सांगितले. पुढे संसार झाला, रेडिओ आला, तोही त्यांनी विणता विणताच ऐकला.

तीन दिवसांनी मी ओसरीवर बसून मुलाकडून त्रितालाचा ठेका म्हणवून घेत होतो. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. आत्यांची सुई थांबली. म्हणाल्या, "पुन्हा म्हणा." मुलाने म्हटले. मग मला, "मास्तर, तबला लावा जरा." मी मोबाइलवर ठेका लावला. त्या डोळे मिटून बोटे मोजू लागल्या. तीन-चार आवर्तने झाल्यावर त्यांनी माझा नकाशा पुढे ओढला आणि आपल्या पेडण्याच्या बोलीत म्हणाल्या, "मास्तर, तुमची खाली बेगीन येता."

तुमची खाली लवकर येते! मी समजूत घातली की खाली नवव्या मात्रेवरच असते, हात तेथेच हवेत फिरवायचा. त्या म्हणाल्या, "हाताचे तुम्ही बघा. डग्गा नवव्याला वाजतो. तो गप्प होतो दहाव्याला, आणि तेरावी संपेपर्यंत गप्पच. चौदाव्याला परत येतो. रिकामी घरे ती."

मी पुन्हा ऐकले. धा तिं तिं ता, ता. नवव्या मात्रेचा ‘धा’ दोन्ही हातांचा. डग्ग्याचा घुमारा नाही तो दहा, अकरा, बारा, तेरा या चार मात्रांत. वाचकहो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तबला शिकणाऱ्या कोणत्याही मुलाच्या हाताला ते ठाऊक असते. पण गेली वीस वर्षे मी फळ्यावर नवव्या मात्रेखाली शून्य काढीत आलो आणि मुले ते शून्य पाहून हात फिरवीत आली. माझा हात चुकीचा नव्हता; विभाग मोजावयाचा तर खाली तेथेच. पण आत्यांना मोजणी विणावयाची नव्हती, वाजणे विणावयाचे होते. आणि तेव्हा वडील आठवले. लहानपणी मी जोरजोरात हात फिरवून ताल देई तेव्हा ते म्हणत, "खाली दाखवू नकोस, ऐक." मला वाटे, माझा हात दरबारी शिस्तीत बसत नाही म्हणून बोलतात.

काठ म्हणजे विणीची पहिली ओळ. ती चुकली म्हणजे सारे उसवावे लागणार. तीन दिवसांचे काम होते. मी म्हणालो, राहू दे, कोणाला कळणार आहे? आत्यांनी दोऱ्याचे टोक धरले आणि सरसर उसवीत म्हणाल्या, "पेटीला कळेल."

पुढे सारा पावसाळा त्या विणीत होत्या. चवथीला आम्ही पेटी घेऊन मोरजीला गेलो तेव्हा गवसणी तयार होती. सहा हजारांवर घरे, आणि टाक्याला टाका सारखा. खाली पातळ मलमलीचे अस्तर लावलेले, म्हणजे धूळ अडावी आणि वारा खेळावा. काठाशी बारा भरलेली घरे नि चार रिकामी, प्रत्येक समेला एक निळा मणी. क्रोशात खांबाचाच एक आखूड प्रकार असतो, त्याला बायका मुका खांब म्हणतात. कडेची शेवटची ओळ त्या मुक्या खांबांची होती. "त्यांनीच कड धरून ठेवलीय," आत्या म्हणाल्या.

मी गवसणी पेटीवर घातली. सगळ्यांनी वाखाणली, मुलींनी फोटो काढले. आत्या मात्र कोपऱ्यातल्या रेडिओकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "त्याला विणले तेव्हा तो वाजायचा. दिवसातून चारदा झालर वर व्हायची. मग बिघडला. आता नुसती झालर उरली. मास्तर, ही रोज काढणार असाल तर न्या. नुसती घालून ठेवणार असाल तर इथेच राहू दे, मी तांब्यावर घालीन."

मी गप्प राहिलो. मग त्यांनीच गवसणी उचलली, चौघडी केली आणि मांडीवर ठेवली. मी भाता सैल केला. त्या रात्री ओसरीवर भजनाला वडिलांची पेटी तीन वर्षांनी वाजली. वाजविणारा मीच होतो. गळा मात्र दाराआडचा नव्हता. गोव्यात हल्ली महिलांची भजनी मंडळे गावोगाव आहेत. वाड्यावरच्या सात-आठ जणी, त्यांत आत्यांची नातही, पुढे बसून गात होत्या. आत्या त्यांच्यामागे भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि मी पाहिले, त्यांच्या हातात सुई नव्हती.

आता कोल्हापुरास पेटी रोज पहाटे उघडते. पहिल्या आठवड्यात दोनदा आळस केला. तिसऱ्या दिवशी मोरजीहून फोन आला. प्रकृतीची चौकशी नाही, मुलांची नाही. पलीकडून फक्त विचारणा झाली, "मास्तर, काढली?"

"काढली," मी म्हणालो, आणि फोन ठेवून काढली.