पंचगंगेच्या उताराने : इचलकरंजीभोवतीचा मुलूख

इचलकरंजी हे पंचगंगेच्या उत्तर काठावरचे शहर कोल्हापूरपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. मागाचे गाव ही त्याची ओळख इतकी पक्की आहे की बाहेरचा माणूस येतो तो सुताच्या, कापडाच्या नाही तर सायझिंगच्या कामाने, आणि काम उरकले की हातकणंगलेहून गाडी पकडतो. पर्यटक म्हणून आलेले लोक कोल्हापुरात अंबाबाई, रंकाळा आणि पन्हाळा पाहतात आणि जोतिबाला जाऊन परततात. त्यांच्या वाटेत इचलकरंजी येत नाही. पण या शहरापासून तीस-पस्तीस किलोमीटरच्या टापूत बाराव्या शतकातले एक असामान्य शिवालय, दत्तसंप्रदायाचे एक प्रमुख स्थान, मराठ्यांच्या एका सेनापतीची समाधी, जैनांचा डोंगर आणि धनगरांची मोठी यात्रा एवढे सगळे आहे. यातले बहुतेक नदीकाठी आहे. म्हणून या मुलखाची ओळख नदीपासून करून घेणे सोयीचे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेप्रमाणे गुप्त असलेली सरस्वती अशा पाच प्रवाहांची पंचगंगा प्रयाग चिखलीला तयार होते. कोल्हापूर ओलांडल्यावर तिचा उतार कमी होतो, पात्र वळणे घेऊ लागते आणि दोन्ही काठांना खोल काळी जमीन लागते. इचलकरंजीला उत्तरेकडे ठेवून ती पूर्वेला जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. त्याआधी थोड्याच अंतरावर, सांगलीजवळच्या हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळालेली असते. पावसाळ्यात तिन्ही नद्या एकदम भरल्या की कृष्णेचे पाणी पंचगंगेला पुढे सरकू देत नाही. पाणी मागे फुगत जाते आणि शिरोळ तालुक्यातली गावे बेटे होतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत हेच घडले. या भागातले घाट इतके उंच का, देवळे चौथऱ्यावर का आणि उत्सवमूर्ती हलवण्याची जागा आधीपासून ठरलेली का, या प्रश्नांची उत्तरे या फुगवट्यात आहेत.

शहरात पाहण्यासारखे फार नाही, पण जे आहे त्याला इतिहास आहे. इचलकरंजीची जहागीर नारो महादेव यांच्यापासून सुरू होते. मूळचे कोकणातले जोशी असलेले नारो महादेव संताजी घोरपड्यांच्या आश्रयाला वाढले आणि कृतज्ञतेने त्यांनी धन्याचे आडनाव घेतले. त्यांचे पुत्र व्यंकटराव यांना बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या अनुबाई दिली होती. त्यामुळे कोल्हापूरच्या छत्रपतींच्या मुलखात असूनही या घराण्याचा एक धागा कायम पुण्याशी जोडलेला राहिला, आणि त्या दुहेरी नात्याचा फायदा जहागिरीला झाला तसा तापही झाला. पुढे नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळात गावाने आजचे वळण घेतले. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागिरीने या धंद्याला हात दिला. घोरपड्यांच्या राजवाड्यात आता वस्त्रोद्योगाचे अभियांत्रिकी महाविद्यालय भरते. वाड्याचे संग्रहालय करून कुलूप लावण्यापेक्षा हा उपयोग शंभर पटींनी बरा. ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच दरबाराचे गवई आणि विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचे शिष्य. १८७० पासूनचे आपटे वाचन मंदिर आणि नदीवरचा घाट पाहिला की गाव पाहून होते. पंचगंगेचे पाणी मात्र घाटावरूनच पाहावे. सांडपाण्याने आणि कापड-प्रक्रियेच्या रंगीत पाण्याने उन्हाळ्यात नदीची जी दशा होते ती लपवून ठेवण्यासारखी राहिलेली नाही.

नृसिंहवाडी, म्हणजे सगळ्यांची नरसोबाची वाडी, नदीच्या उताराने वीसेक किलोमीटरवर आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकातले दत्तावतारी सत्पुरुष नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षे राहिले आणि पुढे गाणगापूरला गेले, असे संप्रदायाची परंपरा सांगते. देवळात मूर्ती नाही. औदुंबराखाली पादुका आहेत आणि त्यांना मनोहर पादुका म्हणतात. औदुंबरच्या विमल पादुका आणि गाणगापूरच्या निर्गुण पादुका ही याच मालिकेतली दुसरी दोन स्थाने. वाडीच्या देवळाला शिखर नाही आणि इमारतीची ठेवण मुसलमानी बांधणीकडे झुकते. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी इथे परत आली, म्हणून त्याने हे देऊळ बांधले आणि औरवाड, गौरवाड ही गावे इनाम दिली, अशी कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी बिनशिखराची ही बैठी इमारत पुराच्या पाण्याला बरोबर तोंड देते, हे घाटावर उभे राहिले की लक्षात येते.

पुराशी वाडीने केलेला करार महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल. नदी चढू लागली की पाणी घाटाच्या पायऱ्या गिळत देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला मिळणे म्हणजे दक्षिणद्वार सोहळा. त्याची तारीख पंचांगात नसते, ती धरणातला विसर्ग आणि घाटमाथ्यावरचा पाऊस ठरवतो. बातमी आली की रातोरात गाड्या निघतात. पाणी आणखी चढले तर उत्सवमूर्ती उंचावरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात आणि पूजाअर्चा तिथे चालू राहते. एरवीच्या दिवसांत वाडी पाहावी ती संध्याकाळी, पालखीच्या वेळी. गुरू कन्या राशीत येतो तेव्हा, म्हणजे साधारण बारा वर्षांनी, इथे कन्यागत पर्व भरते. मागचे २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. वाडीची बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी ही देवदर्शनाइतकीच जुनी कारणे आहेत, असे मानणारेही पुष्कळ आहेत.

वाडीसमोर, पंचगंगेवरचा पूल ओलांडला की कुरुंदवाड लागते. पटवर्धनांच्या संस्थानांपैकी एकाची ही राजधानी. इथला दगडी घाट बांधणीत वाडीच्या घाटाहून उजवा आहे आणि गर्दी नसल्याने तो नीट पाहता येतो. संगमाजवळ सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी आहे. औरंगजेबाच्या फौजांना वर्षानुवर्षे जेरीस आणणारे संताजी १६९७ मध्ये मारले गेले, तेही मोगली लढाईत नव्हे तर आपसातल्या वैरात. इचलकरंजीच्या जहागिरीचे मूळ ज्या माणसाच्या आश्रयात आहे त्याची समाधी अशी जहागिरीच्या उंबऱ्याशीच आहे. समाधी साधी आहे, आणि तिच्याकडे वळणारे लोक वाडीला येणाऱ्यांच्या मानाने अगदीच थोडे. कुरुंदवाडची दुसरी ओळख गणेशोत्सवातली. गावातल्या काही मशिदींत गणपती बसतो आणि मोहरम त्याच दिवसांत आला तर पीर आणि गणपती शेजारी असतात.

कुरुंदवाडहून खिद्रापूरचा रस्ता उसातून जातो. वाटेत हेरवाड लागते. २०२२ च्या मे महिन्यात इथल्या ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. पुढे सैनिक टाकळी. घरटी फौजेत गेलेल्या माणसांमुळे गावाच्या नावाला हे विशेषण लागले. त्याच्या पलीकडे महाराष्ट्र संपत येतो. कृष्णेच्या वळणात, कर्नाटकाच्या शिवेला टेकून, खिद्रापूर आहे.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर हे या सबंध टापूतले सर्वांत मोलाचे स्थळ. फक्त एकच दिवस हाताशी असेल तर तो इथे घालवावा. मंदिर कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातले, मुख्यतः बाराव्या शतकात उभे राहिलेले. प्रथम लागतो तो स्वर्गमंडप. तो मुख्य मंदिराच्या पुढे आहे आणि त्याच्या छताच्या मध्यभागी सुमारे तेरा फूट व्यासाचे वर्तुळ उघडे आहे. अठ्ठेचाळीस खांबांपैकी बारा खांब या वर्तुळाला आतून पेलतात आणि बाकीचे त्यांच्याभोवती फेर धरतात. कुठे गोल, कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी अशी त्यांची घडण एकाच खांबात बदलत जाते. वर्तुळाच्या कडेला दिक्पाल आपापल्या वाहनांसह कोरले आहेत आणि बरोबर खाली जमिनीवर तेवढ्याच मापाची एक गोल शिळा आहे. मंडप अपुरा राहिला असावा, असा तर्क करता येतो. पण कडेची रेखीव कोर आणि खालची शिळा पाहिली की हे छत हेतुपूर्वक उघडे ठेवले आहे असेच वाटते. होमाचा धूर जाण्यासाठी ही सोय असल्याचे सर्रास सांगतात.

रोमच्या पँथिऑनच्या घुमटालाही असाच उघडा डोळा आहे, सुमारे नऊ मीटर व्यासाचा. दोहोंचा संबंध जोडण्याचे कारण नाही. तिथे घुमट एकसंध काँक्रीटचा आहे, इथे खांब आणि आडव्या तुळयांवर सगळा भार पेललेला. फरक आकाशाचाही आहे. रोममध्ये सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. खिद्रापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत भर दुपारी सूर्य नेमका माथ्यावर असतो आणि उजेडाचे वर्तुळ खालच्या शिळेवर पडते. कार्तिकी पौर्णिमेला हीच गोष्ट चंद्र करतो. त्या सुमारास सूर्य दक्षिणेला जितका झुकलेला असतो, जवळपास तितकाच पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला असतो, म्हणून मध्यरात्री तो मंडपाच्या जवळजवळ माथ्यावर येतो. ते पाहायला अलीकडे मोठी गर्दी होते. ऑगस्टमधला योग बहुधा ढगांत आणि पुरात जातो, आणि मेमधल्या दुपारी कोणी फिरकत नाही.

मंडपामागे अंधारा सभामंडप, अंतराळ आणि गाभारा. गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. दुसरे विष्णूचे मानतात. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला, शंकर कोपला आणि विष्णूने त्याची समजूत घातली, ही इथली कथा. सती नंदीवर बसून माहेरी गेली म्हणून इथे नंदी नाही आणि तो नदीपलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे, असेही सांगतात. बाहेरून मंदिराला फेरी घातली तर खालच्या थराला हत्तींची रांग दिसते. हे हत्ती सगळे मंदिर पाठीवर घेऊन उभे आहेत आणि त्यांच्या पाठीवर देवता बसल्या आहेत. कितीतरी हत्तींच्या सोंडा आणि मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत.

आवारातले बहुतेक शिलालेख कानडीत आहेत, आणि बाराव्या शतकात या काठाची राजभाषा कोणती होती याचा तो सरळ पुरावा. एक महत्त्वाचा लेख मात्र संस्कृतात, देवनागरी लिपीत आहे. देवगिरीचा यादव राजा सिंघण याने १२१३-१४ च्या सुमारास देवाला गाव दान दिल्याची ती नोंद. सिंघणाने शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव करून हा प्रदेश नुकताच घेतला होता. जिंकलेल्या राजाच्या देवाला दान देऊन आणि ते दगडावर खोदून नव्या सत्तेने आपली द्वाही फिरवली, असे या लेखाकडे पाहिले पाहिजे. १०५४ मध्ये चालुक्य आणि चोळ यांच्यात कोप्पम येथे झालेल्या लढाईत राजाधिराज चोळ हत्तीवर असतानाच मारला गेला. ते कोप्पम म्हणजे खिद्रापूर, असे काही अभ्यासक मानतात, तर काही ते कर्नाटकात कोप्पळला शोधतात. गावातच आदिनाथाचे लहान जैन मंदिर आहे. त्याची शिल्पे कोपेश्वराच्या शेजारामुळे दुर्लक्षित राहतात, पण तासभर तिथेही द्यावा.

परतताना हरिपूरकडून येता येते. कृष्णा-वारणेचा संगम, जुने संगमेश्वर आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे हे जन्मगाव. जमिनीखाली हळद साठवण्याच्या इथल्या पेवांची ख्याती मोठी होती. २००५ च्या पुराने त्यांचे अतोनात नुकसान केले. जयसिंगपूर हे मिरज-कोल्हापूर रेल्वेवर राजर्षी शाहूंनी वडिलांच्या नावाने वसवलेले व्यापारी गाव. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते आणि भडंगाची पुडी एवढ्यासाठी तिथे थांबायला हरकत नाही.

नदी सोडून उत्तरेला गेले की मुलूख एकदम बदलतो. पंचगंगा आणि वारणा यांच्या मध्ये बुटक्या, खडकाळ डोंगरांची रांग आहे. ती पावसाळ्यात हिरवी होते आणि मार्चमध्ये करपते. आळते गावाजवळ रामलिंग हे गुहेतले शिवस्थान आहे. खडकातून झिरपणारे पाणी तिथे लिंगावर पडत राहते. श्रावणी सोमवारी जत्रा असते. त्याच रांगेत कुंभोजजवळ बाहुबलीचा डोंगर. समंतभद्र महाराजांनी १९३४ मध्ये इथे गुरुकुल सुरू केले आणि १९६३ मध्ये बाहुबलीची २८ फूट उंच, पांढऱ्या संगमरवराची उभी मूर्ती स्थापन झाली. दिगंबर आणि श्वेतांबर अशी दोन्ही पंथांची मंदिरे इथे आहेत. दक्षिण महाराष्ट्रातला जैन समाज मुख्यतः शेतकरी आहे, नांगर धरणारा आहे, हे इथल्या यात्रेत चांगले दिसते. कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव. २२ सप्टेंबर १८८७ रोजी ते इथे जन्मले.

नदीच्या दक्षिणेला हुपरी आणि पट्टणकोडोली. हुपरीत घरोघर चांदीचे काम चालते. पैंजण, वाळे, जोडवी इथून देशभर जातात. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा आश्विनात भरते. महाराष्ट्र आणि कर्नाटकातले धनगर ढोल-कैताळांसह जमतात, भंडाऱ्याने वाटा पिवळ्या होतात, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावहून पायी आलेले फरांडेबाबा भाकणूक सांगतात. पाऊस कसा पडेल, पिके कशी येतील, बाजारात भाव काय राहील, राजकारण कुठे जाईल, हे सगळे त्या भाकणुकीत असते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापूनही येते.

या सगळ्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. रामलिंग आणि बाहुबलीचा डोंगर मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पाहावेत. त्या दिवसांत वाडी-कुरुंदवाड-खिद्रापूरचे रस्ते पाण्याखाली जाऊ शकतात, म्हणून निघण्यापूर्वी नदीची पातळी विचारून घ्यावी. वाडी आणि कुरुंदवाडला एसटी सहज मिळते. खिद्रापूरच्या फेऱ्या मोजक्या असतात. तिथे स्वतःचे वाहन असलेले बरे, आणि जेवणाची सोय वाडीतच उरकून पुढे जावे.