काडतूस आधी, रायफल नंतर

हार्बर मार्गावरच्या रे रोड स्थानकातून पूर्वेच्या अंगाला उतरले की दारूखाना सुरू होतो. पिण्याच्या दारूशी या नावाचा काडीमात्र संबंध नाही. तोफा-बंदुकांच्या दारूवरून ते पडले आणि जवळच्या पावडर बंदराच्या नावातही तीच आठवण टिकून आहे. दारू केव्हाच गेली, लोखंड मात्र राहिले. जुनी जहाजे तोडून निघालेले पत्रे, जाड सळया, शाफ्ट यांच्या व्यापारावर आणि लेथच्या लहान कारखान्यांवर हा परिसर वाढला. पोलादाचे हवे ते रूप येथे मिळेल, असा या भागाचा लौकिक आहे. तरीही एक वस्तू येथे कोणी घडवून देऊ शकत नाही व देऊही नये. ती म्हणजे रायफलीची अ‍ॅक्शन. शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक वा तिचा भाग बनवणे हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षांची कैद आहे.

ही अ‍ॅक्शन म्हणजे रायफलीचा पोलादी गाभा. तिच्या पुढच्या तोंडात नळी आट्यांनी घट्ट बसवलेली असते आणि पोटात बोल्ट पुढेमागे सरकतो. मॅगझिनमधून काडतूस उचलणे, ते चेंबरमध्ये ढकलणे, मागून कुलूप लावणे आणि बार झाल्यावर रिकामी पुंगळी बाहेर फेकणे ही सारी कामे तिचीच. बार होताना आत वातावरणाच्या सुमारे चार हजार पट दाब निर्माण होतो आणि तो बोल्टाच्या दोन छोट्या खुंट्यांवर येतो. त्यामागे नेमबाजाचा डोळा असतो. म्हणूनच अ‍ॅक्शनच्या निवडीत हौसेपेक्षा हिशेबाला महत्त्व आहे.

खास आपल्या मापाने रायफल बांधून घेण्याची चाल अमेरिका, कॅनडा, न्यू झीलंड अशा देशांत रूढ आहे. तेथील कारागीर गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो तो दस्त्याच्या लाकडाचा नव्हे, काडतुसाचा. काडतुसाची एकूण लांबी ठरली की मॅगझिनची लांबी ठरते, मॅगझिनवरून अ‍ॅक्शनची आणि तीवरून रायफलीच्या वजनाची व तोलाची. .३०८ विंचेस्टर हे १९५२ सालचे काडतूस सुमारे ७१ मिलिमीटर लांब आहे. त्याच्यासाठी आखूड अ‍ॅक्शन पुरते. १९०६ सालचे .३०-०६ सुमारे ८५ मिलिमीटर भरते, त्याला लांब अ‍ॅक्शन लागते. १९१२ चे .३७५ हॉलंड अँड हॉलंड ९१ मिलिमीटरपर्यंत जाते आणि मॅग्नम लांबीची अ‍ॅक्शन मागते.

आखूड अ‍ॅक्शनची रायफल थोडी हलकी व ताठ असते, बोल्टही कमी ओढावा लागतो. हा शेवटचा मुद्दा कागदावर किरकोळ वाटतो, पण जखमी जनावर समोर असताना घाबरलेला हात लांब बोल्ट पुरता मागे खेचत नाही. मग नवे काडतूस उचललेच जात नाही आणि घोडा रिकाम्या चेंबरवर पडतो. लांब अ‍ॅक्शनच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच आहे. जड व लांब गोळी आखूड मॅगझिनमध्ये मावावी म्हणून पुंगळीत खोल बसवावी लागते आणि ती दारूची जागा खाते. १५० ग्रेनच्या गोळीला .३०८ सेकंदाला सुमारे ८६० मीटरचा वेग देते, तर .३०-०६ सुमारे ८८७ मीटरचा. दीडशे मीटरवरच्या सावजाला हा फरक कळणारही नाही. गोळी १८० ग्रेनच्या पुढे गेली की लांब काडतुसाची सरशी ठळक होते. शिवाय लांब अ‍ॅक्शनमध्ये आडकाठी बसवून आखूड काडतूस चालवता येते, उलट मात्र करता येत नाही.

मग पूर्वीच्या शिकाऱ्यांची काडतुसे एवढी लांबलचक का होती? त्याचे उत्तर हवामानात आहे. त्या काळची कॉर्डाइट ही दारू उष्णतेत भडकून जळे आणि वैशाखातल्या रानात काडतुसातला दाब वाढे. दाब वाढला की पुंगळी चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि रायफल ऐन वेळी बंद पडते. म्हणून ब्रिटिश बंदूकसाजांनी पुंगळ्या प्रशस्त ठेवल्या, जेणेकरून दाब मुळातच कमी राहावा. .३७५ ला निमुळता उतार दिला, तो पुंगळी सहज सुटावी यासाठीच. १९११ चे .४१६ रिग्बी तर सुमारे ९५ मिलिमीटर लांब होते. ते जर्मनीतल्या माउझर कारखान्याच्या नेहमीच्या अ‍ॅक्शनमध्ये मावणे शक्यच नव्हते. त्यासाठी माउझरची मॅग्नम अ‍ॅक्शन वापरली गेली. आजची दारू उष्णतेला तितकी दाद देत नाही, त्यामुळे आखूड काडतुसांचे दिवस आले.

भारतात मात्र या शास्त्रापेक्षा मोठा वाटा सरकारी आदेशांचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने .४५० बोरच्या शस्त्रांच्या आयातीवर हिंदुस्थानात बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या लष्करी बंदुकीची गोळी त्याच मापाची होती आणि ती बंडखोरांच्या हाती पडण्याची धास्ती होती. परिणाम असा झाला की .४६५, .४७०, .४७५ अशी मापे शिकारी दुप्पट-नळीच्या रायफलींत चलनात आली. जनावरांच्या दृष्टीने पाहता .४५० मध्ये काही उणे नव्हते. बंदूकसाजांनी केवळ कायद्याच्या फटीतून वाट काढली होती. लष्करी .३०३ चीही तीच गत झाली. नागरिकाला ती मिळेना, म्हणून निराळ्या मापाच्या रायफली पुढे आल्या.

आजही देशात सर्वाधिक दिसणारी मोठ्या बोरची परवान्याची रायफल .३१५ चीच आहे. इशापूरच्या सरकारी कारखान्यात ती घडली. तिची अ‍ॅक्शन ली-एनफिल्डच्या घराण्यातली आणि काडतूस मात्र ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे, म्हणजे १८९० च्या सुमाराचे ८ बाय ५० मॅनलिखर. ही सोयरीक जुळली ती बुडाच्या मापामुळे. दोन्ही काडतुसांना बुडाशी बाहेर आलेली कड आहे. .३०३ ची पुंगळी ५६ मिलिमीटर लांब, ही ५० ची. त्यामुळे जवळपास तीच अ‍ॅक्शन चालते आणि लष्करी काडतूस मात्र चेंबरमध्ये बसत नाही. सरकारला नेमके हेच हवे होते. तिची २४४ ग्रेनची बोथट गोळी जड आणि संथ आहे. लांब पल्ल्यावर ती लवकर खाली येते, पण पन्नास-साठ मीटरवर तिच्याविषयी तक्रार करायला जागा नाही. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढे राहील एवढे पाहावे लागते. नाही तर कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट रुतून बसतो.

स्वातंत्र्यानंतरच्या नियमांनी तोच धागा पुढे नेला. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसे ज्यात भरून उडवता येतील, अशा रायफली प्रतिबंधित बोरमध्ये मोडतात. .३०८ विंचेस्टर हे ७.६२ बाय ५१ चेच नागरी भावंड आहे. म्हणजे जगभर आखूड अ‍ॅक्शनचा ज्यावर डोलारा उभा आहे, ते मुख्य काडतूसच येथे सामान्य परवानाधारकाच्या आवाक्याबाहेर गेले. .३०-०६ ची गोळी त्याच व्यासाची आहे, तरी तिची गणना अप्रतिबंधित बोरमध्ये होते. त्यामुळे आखूड की लांब हा वाद भारतात बराचसा कायद्यानेच निकाली काढला आहे. शिवाय १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सामान्य नागरिकाला परदेशातून शस्त्र आणण्याची वाट जवळजवळ बंद आहे. नामांकित नेमबाजांना सवलत आहे, ती क्रीडेपुरती.

यामुळे येथे प्रश्न उभा राहतो तो वारशाने आलेल्या रायफलीचा. संस्थानी काळातली, वन खात्यातल्या किंवा फौजेतल्या आजोबांची माउझर घरात निघते. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि वारसाला परवाना मिळाल्यावरच परत घेता येते. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, वारशाचीही त्यांतच धरली जातात. मग विचार येतो तो नळी बदलून मिळेल त्या काडतुसाजोगी रायफल करून घेण्याचा. परवान्यावर बोर आणि क्रमांक नोंदलेला असतो, तेव्हा बोर बदलणे हे आधी परवाना अधिकाऱ्याचे आणि मग परवानाधारक कारागिराचे काम आहे.

तांत्रिक बाजूने पाहिले तर १८९८ च्या नमुन्याच्या माउझर अ‍ॅक्शनची मुभा मोठी, पण अमर्याद नाही. ७ बाय ५७, ८ बाय ५७ आणि .३०-०६ या तिन्हींच्या बुडाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर असल्याने एकच बोल्ट तिघांना चालतो. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .२७५ रिग्बी म्हणजे माउझर अ‍ॅक्शनवरची ७ बाय ५७ च होय. पहाडातले नरभक्षक टिपायला त्यांना ती पुरली, हे मोठ्या बोरच्या हट्टापायी पैसा ओतणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. .३०-०६ मात्र नेहमीच्या माउझर मॅगझिनमध्ये अगदी काठोकाठ बसते. .३७५ बसवायचे तर अ‍ॅक्शनच्या पुढच्या उताराचे पोलाद कापावे लागते, आणि हे पोलाद बोल्टाच्या खालच्या खुंटीला टेकू देणारे असते. असे कापलेले जुने तुकडे आजही हिंडतात. ते बाहेरून सुबक दिसतात, म्हणूनच घातक आहेत. .३१५ च्या कडेचा व्यास १४ मिलिमीटर, तेव्हा ते काडतूस माउझरमध्ये आणण्याचा विचार न केलेलाच बरा.

शिकारीचे काय, हा प्रश्न उरतोच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली. जीविताला वा उभ्या पिकाला धोका ठरलेल्या जनावरापुरता वन अधिकाऱ्याचा लेखी परवाना, एवढीच वाट उरली. विदर्भात आणि कोकणात रानडुकरांनी एका रात्रीत शेत उलथून टाकल्यावर हा विषय निघतो. पण शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी सांगितली आहे ती ठासणीची बंदूक. रायफलीची गोळी चुकली तर काही किलोमीटर जाते आणि आपल्याकडे तेवढ्या अंतरात एखादी वाडी असतेच. छर्रा किंवा ठासणीचा बार तेवढा लांब जात नाही. मात्र लांबून मारलेल्या छऱ्याने डुक्कर मरत नाही, ते घायाळ होऊन झाडीत शिरते, आणि दुसऱ्या दिवशी गवत कापायला गेलेल्या बाईच्या अंगावर येते.

वारशाच्या रायफलीत काडतूस घालण्यापूर्वी नळीवर कोरलेल्या आकड्यावर विसंबू नये. '८ मिलिमीटर' या एका नावाखाली .३१५ चे कडवाले काडतूस येते, तसेच माउझरचे ८ बाय ५७ ही येते. त्यातही जुन्या नळ्यांची गोळी .३१८ इंच व्यासाची, तर नंतरची .३२३ इंचाची. जाड गोळी अरुंद नळीतून उडवली तर दाब कोठे जाईल याचा नेम नाही. जाणता कारागीर चेंबरचा गंधकाचा किंवा खास मिश्रधातूचा साचा ओतून माप घेतो, मग नळीचा व्यास तपासतो आणि त्यानंतरच काडतुसाचे नाव सांगतो. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होणाऱ्या .३१५ च्या काडतुसांच्या बुडावरही '८ एमएम' असा शिक्का असे. तेवढ्यावरून ती आजोबांच्या माउझरमध्ये जातील, असे समजण्याची चूक सहज होऊ शकते.