वेदना शमली, म्हणजे आजार बरा झाला काय?

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या गावांतून आमच्याकडे येणाऱ्या सांधेदुखीच्या रुग्णांत आमवाताचेही रुग्ण असतात. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या ग्रामीण पाहणीत सुमारे २०० प्रौढांमागे एकास तो आढळला. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे.

सकाळी बोटे आखडतात, भाकरी थापता येत नाही, भातलावणीत रोप धरवत नाही. अशा वेळी रुग्ण औषधाची पारख एकाच कसोटीवर करतात: आज ठणका थांबला का? ही कसोटी स्वाभाविक असली तरी अपुरी आहे. वेदनाशामक गोळी काही तासांत आराम देते, परंतु सांध्यांची हानी रोखत नाही. दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडांस अपायही करू शकते. मेथोट्रेक्झेट आजारालाच आवर घालते, मात्र त्याचा गुण येण्यास ६ ते १२ आठवडे लागतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते.

काही रुग्ण गुण नाही म्हणून ते सोडतात, काही बरे वाटले म्हणून. दोहोंतही बोटे वाकडी होण्याचा धोका असतो, आणि आलेले व्यंग औषधाने जात नाही.

म्हणून कुटुंबीयांनी औषधाचा वार ठरवून तो पाळावा व रुग्णास नियमित रक्ततपासणीस आणावे, ही विनंती. दात्यांचे साहाय्य या तपासण्यांस व फेरभेटींस लाभले, तर अनेक हात कामाचे राहतील.