पाण्याखालचं मालवण

मालवणच्या धक्क्यावरून निघालेली होडी दहा-पंधरा मिनिटांत सिंधुदुर्ग किल्ल्याला लागते. प्रवाशांचे डोळे तटबंदीवर असतात, मोबाइल बाहेर निघालेले असतात. त्यांच्या होडीखाली कायद्याने राखलेलं एक अभयारण्य आहे, याची बहुतेकांना कल्पनाही नसते. ना कमान, ना कुंपण, ना तिकीटघर. मग कळावं तरी कसं?

वन्यजीव संरक्षण कायद्याखाली एप्रिल १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातलं ३ चौरस किलोमीटरहून थोडं अधिक क्षेत्र गाभ्याचं. पद्मगडाचं बेट आणि आसपासचे पाण्याखालचे खडक त्यात येतात. पोवळ्याच्या अळीला बूड टेकायला टणक खडक लागतो. वाळूचे लांबच लांब पट्टे असलेल्या या किनाऱ्यावर तो खडक मालवणच्या समुद्रात मिळतो, म्हणून इथे पोवळी रुजली. त्यांच्या आधाराने शेवाळं, खेकडे, समुद्रकाकड्या आणि रंगीत मासे नांदू लागले.

हे सगळं बघायला बांद्यात मुक्काम ठेवणं सोयीचं पडतं. मुंबई-गोवा महामार्गावरचं, गोव्याच्या वेशीला लागून असलेलं हे गाव तेरेखोल नदीकाठी वसलं आहे. आदिलशाही काळातल्या वास्तूंच्या खुणा इथे आजही दिसतात. गोव्यातला मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, तोही जवळच. बांद्याहून कुडाळमार्गे मालवण साधारण ६० किलोमीटर. सकाळी लवकर निघालं तर दिवस हाताशी राहतो. पण पहाटेची ओहोटी गाठायची असेल, तर एक रात्र मालवण किंवा तारकर्लीतच काढावी. तिथल्या अनेक घरांत न्याहारी आणि निवासाची सोय असते. घरमालक समुद्रावर पोट असलेला असेल, तर वेळापत्रकही त्यालाच विचारावं.

कारण इथलं खरं वेळापत्रक घड्याळात नसतं, तिथीत असतं. कोकणातला जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती. त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे दहाच्या आसपास ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला ही चढउतार कमी असते. म्हणून उघडे पडलेले खडक, त्यांवरची कालवं आणि खळग्यांत अडकलेले छोटे जीव बघायचे, तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी निवडावी.

किल्ल्यालाही पुरेसा वेळ द्यायला हवा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. त्याआधीच्या पूजेची जागा म्हणून ओळखला जाणारा मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावर आहे. चहूबाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिन्ही विहिरींचं पाणी गोडं आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने १२ किल्ल्यांना जागतिक वारशात स्थान दिलं, त्यांत सिंधुदुर्ग आहे. एकाच होडीफेरीत जागतिक वारसा आणि सागरी अभयारण्य अशा दोन्हींची भेट घडवणारी जागा महाराष्ट्रात दुसरी कुठली?

किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात स्नॉर्केलिंग आणि स्कूबा चालतं. पावसाळ्यात ते बंद असतं. पाऊस सरल्यावर गढूळपणा हळूहळू बसतो आणि थंडीत पाणी बऱ्यापैकी निवळतं. तरी अंदमान-लक्षद्वीपसारखी नितळ निळाई इथे शोधू नये. इथली पोवळी मळकट पाण्यात तग धरून आहेत आणि त्यांचं मोल त्यातच आहे. पाणी फार तापलं, की पोवळ्यातलं सूक्ष्म शैवाल निघून जातं आणि पोवळं पांढरंफटक पडतं. ताप लांबला तर ते मरतं. त्यात भर पडते ती भलत्या जागी टाकलेल्या नांगराची आणि पोवळ्यावर उभं राहून फोटो काढणाऱ्या पायांची. वर्षानुवर्षं वाढलेलं पोवळं एका पावलाने मोडतं.

अभयारण्याची गोष्ट मच्छीमारांना वगळून सांगता येत नाही. दांडी, वायरी, सर्जेकोट या भागांतल्या कुटुंबांची चूल याच पाण्यावर पेटते. अभयारण्यामुळे मासेमारीवर बंदी येईल, या भीतीने त्यांनी त्याला विरोध केला आणि ती भीती निराधार म्हणता येणार नाही. किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायची रापण आणि अख्खा थवा वेढणारी यांत्रिक पर्ससीन जाळी यांना एकाच तराजूत तोलणं अन्यायाचं ठरेल. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, त्यामागे पारंपरिक मच्छीमारांचा मोठा लढा होता. समुद्र राखायचा तर त्यांना विश्वासात घेऊनच राखता येईल.

ते जमतं, याचा दाखला वेंगुर्ल्यात आहे. बांद्याहून सातार्डा, आरोंदा, शिरोडामार्गे तिकडे जाता येतं. वाटेत तेरेखोलची खाडी लागते आणि १९३० च्या मीठ सत्याग्रहाने ओळखलं गेलेलं शिरोडा. वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या महिलांनी २०१७ च्या सुमारास कांदळवन सफर सुरू केली. त्या स्वतः होडी वल्हवतात, झाडं ओळखून दाखवतात, पक्षी दाखवतात. कांदळवन उभं राहिलं तरच त्यांचं उत्पन्न उभं राहतं, म्हणून त्याची राखण त्यांना कुणी शिकवावी लागत नाही.

मालवणला जाणाऱ्यांनी एवढं करावं: होडी ठरवताना चालकाला नांगर कुठे टाकणार ते विचारावं, पोवळ्यावर पाय ठेवू नये आणि मासे जमवण्यासाठी पाण्यात पाव टाकू देऊ नये. पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत घालू नये. तो कायद्याने गुन्हा आहे.