वाणी आणि मौन : पेगी ॲशक्रॉफ्ट ह्यांचा वाचिक अभिनय

नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आहेत. ह्यांपैकी वाचिक अभिनयाचा इतिहास लिहिणे विशेष कठीण आहे. संहितेतील शब्द मागे राहतात; परंतु ते कोणत्या काकूने, म्हणजे स्वराच्या कोणत्या चढउताराने, उच्चारले गेले हे छापील पानावरून कळत नाही. दीर्घकाळ रंगभूमीवर वावरलेल्या नटाच्या बाबतीत ही अडचण अधिकच जाणवते. डेम पेगी ॲशक्रॉफ्ट (१९०७–१९९१) ह्या इंग्रज अभिनेत्रीची साठांहून अधिक वर्षांची कारकीर्द हे तिचे उत्तम उदाहरण होय.

ॲशक्रॉफ्ट ह्यांचा जन्म लंडननजीकच्या क्रॉयडन येथे झाला. त्यांचे शिक्षण एल्सी फोगर्टी ह्यांच्या नाट्यशाळेत झाले. तेथे शुद्ध उच्चार आणि कंठमाधुर्य ह्यांवर मुख्य भर असे. हा भर ॲशक्रॉफ्ट ह्यांना रुचला नाही. त्यांचे सहाध्यायी लॉरेन्स ऑलिव्हिए ह्यांनाही तो रुचला नव्हता. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्की ह्यांचे आत्मचरित्र वाचून आपण अधिक शिकलो, असे त्या मानीत. ह्या दोन शिकवणींमधील भेद मूलभूत आहे. पहिलीत उच्चार हा अलंकार आहे. दुसरीत तो पात्राच्या मनातील हेतूचा परिणाम आहे. ॲशक्रॉफ्ट ह्यांच्या पुढील अभिनयाची दिशा ह्या भेदातून स्पष्ट होते.

१९२६ मध्ये बर्मिंगहॅम येथे त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पदार्पण केले. १९३० मध्ये लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात पॉल रोबसन ह्यांच्या ऑथेल्लोसमोर त्या डेस्डिमोना होत्या. १९३५ मध्ये जॉन गिलगुड आणि ऑलिव्हिए ह्यांनी रोमिओ व मर्क्यूशिओ ह्या भूमिका आळीपाळीने केल्या, त्या प्रसिद्ध प्रयोगात त्या ज्युलिएट होत्या. १९३८ मध्ये मिशेल सँ-दनी ह्यांनी चेकॉव्हचे ‘तीन बहिणी’ हे नाटक बसविले, त्यात त्यांनी इरिनाची भूमिका केली. शेक्सपिअरचे पद्य आणि चेकॉव्हचे अर्धवट तुटणारे गद्य ही वाणीची दोन टोके आहेत; त्यांचा वावर दोहोंत होता.

ह्या काळाचे चित्रित साधन मात्र फारच तुटपुंजे आहे. हिचकॉक ह्यांच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ (१९३५) ह्या चित्रपटात स्कॉटलंडमधील एका खेडवळ शेतकऱ्याच्या तरुण पत्नीची त्यांची छोटीशी भूमिका आहे. स्कॉटिश वळणाच्या बोलीत ती शहराविषयी काही प्रश्न विचारते. ते प्रश्न साधेच आहेत. पण त्यांच्या स्वरातून तिच्या कोंडलेल्या संसाराची कल्पना येते. ज्युलिएटचा प्रयोग चित्रित झाला नाही. तो समजून घेण्यास समकालीनांच्या वर्णनांचाच आधार घ्यावा लागतो.

महायुद्धानंतर क्लिओपात्रा (१९५३), हेडा गाब्लर (१९५४) अशा भूमिका त्यांनी केल्या. १९५६ मध्ये त्यांना डेम हा किताब मिळाला. पीटर हॉल ह्यांनी स्ट्रॅटफर्ड येथे रॉयल शेक्सपिअर कंपनीची घडण केली तेव्हा प्रथमपासून त्यांचा पाठिंबा होता. ह्याच संस्थेने १९६३ मध्ये शेक्सपिअरची चार ऐतिहासिक नाटके तीन भागांत बांधून ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ हा प्रयोग सादर केला. त्यात राणी मार्गारेटची भूमिका करताना ॲशक्रॉफ्ट ह्यांचे वय पंचावन्न होते. पहिल्या भागात मार्गारेट फ्रान्समधून आलेली नवयौवना आहे. शेवटच्या भागात पती, पुत्र आणि राज्य गमावून शाप उच्चारणारी वृद्धा आहे. एकाच नटीच्या वाणीने हे सारे आयुष्य आक्रमावयाचे होते. हा प्रयोग बीबीसीने चित्रित केला, म्हणून ह्या भूमिकेचा अभ्यास आजही करता येतो.

उत्तरायुष्यातील भूमिका एकत्र ठेवून पाहिल्या असता एक लक्षणीय सूत्र आढळते. त्यांपैकी अनेकींत भाषा हीच पात्राची कसोटी आहे. १९७५ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने बेकेटचे ‘हॅपी डेज’ सादर केले, त्यात त्या विनी झाल्या. विनी प्रथम कमरेपर्यंत आणि नंतर गळ्यापर्यंत मातीत गाडलेली असते, आणि तरीही बोलत राहते. येथे आंगिक अभिनय जवळजवळ संपतो. बोलणे थांबले तर पात्रच संपावे, अशी स्थिती आहे.

पॉल स्कॉट ह्यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘द ज्युएल इन द क्राउन’ (१९८४) ह्या दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी बार्बी बॅचलर ही निवृत्त मिशनरी शिक्षिका रंगविली. थंड हवेच्या ठिकाणी राहणाऱ्या गोऱ्या समाजात बार्बी उपरी आहे. आपल्याला कोणी ऐकत नाही हे जाणूनही ती अखंड बोलते आणि शेवटी मौनात जाते. त्याच वर्षीच्या डेव्हिड लीन ह्यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ ह्या चित्रपटातील मिसेस मूर हिच्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. गुहेतील प्रतिध्वनी प्रत्येक शब्दाला एकाच नादात मिसळून टाकतो. त्या अनुभवाने मिसेस मूरचा शब्दांवरील विश्वास उडतो. १९८९ मध्ये ‘शीज बीन अवे’ ह्या दूरचित्रवाणीपटात त्यांनी लिलियन ही भूमिका केली. तरुणपणी मनोरुग्णालयात डांबली गेलेली ही स्त्री साठ वर्षांनी बाहेर येते, ती जवळजवळ मूक होऊनच. व्हेनिसच्या महोत्सवात ह्या भूमिकेसाठी त्यांना सहअभिनेत्री जेराल्डीन जेम्स ह्यांच्यासह पुरस्कार मिळाला.

केवळ कंठमाधुर्यावर विसंबलेल्या नटीला हे मौन झेपले नसते. मौनालाही काकू असते. बोलण्याचा हेतू शिल्लक असून शब्द उमटत नाही, हे प्रेक्षकाला जाणवावे लागते. ॲशक्रॉफ्ट ह्यांच्या मौनात असा अडलेला हेतू दिसतो, आणि त्याचे मूळ त्यांनी तरुणपणी केलेल्या निवडीत आहे.

तथापि अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. जगभरच्या प्रेक्षकांना ॲशक्रॉफ्ट परिचित झाल्या त्या सत्तरी ओलांडल्यानंतर. सहज उपलब्ध असलेला पुरावा मुख्यतः उतारवयाचा आहे; ज्या वाणीने त्यांची कीर्ती घडविली ती बहुतांशी विरून गेली आहे. मिसेस मूरचा थकलेला स्वर ऐकताना त्यामागे अर्धशतकाचा रंगभूमीवरील सराव आहे, हे ध्यानी घेतले पाहिजे. तसे न केल्यास एका दीर्घ साधनेचा शेवटचा अध्याय वाचून तोच संपूर्ण ग्रंथ समजण्याची चूक घडेल.