दोन सारखे गेम, एकच डेटा: फोनमधली जागा खरंच वाचते का?

६४ जीबीचा फोन, त्यात फोटो, भरतीच्या अभ्यासाच्या पीडीएफ आणि दोन मोठे गेम. मग 'स्टोरेज फुल' ठरलेलंच! वरोऱ्यात ओळखीतली पोरं मला नेहमी विचारतात, "दादा, दोन्ही गेम सारखेच दिसतात, मग सारख्या फाइल्स एकदाच ठेवता येत नाहीत का?"

येतात. पण ते काम गेम बनवणाऱ्यांनी किंवा फोनच्या सिस्टीमने करायचं असतं. कसं, ते बघूया.

एकच फाइल पुन्हा पुन्हा का असते?

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारा भाग इकडून तिकडे सरकतो. त्यात वेळ जातो. म्हणून कंपन्या एकच वस्तू गेमच्या प्रत्येक भागात पुन्हा ठेवायच्या. स्पायडरमॅन गेममधल्या टपालपेटीसारख्या वस्तूंचा डेटा डिस्कवर तब्बल ४०० वेळा असायचा, असं सोनीच्या मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये सांगितलं होतं.

हेलडायव्हर्स २ या कॉम्प्युटर गेमचंही तेच. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या कंपनीने डुप्लिकेट डेटा काढला आणि गेम १५४ जीबीवरून थेट २३ जीबीवर आला! गेममधलं काहीच कमी झालं नाही.

शेअरिंग चालतं कसं?

दोन घरांत एक विहीर असते ना, तसंच. फाइलचं नाव म्हणजे फक्त पत्ता, खरा डेटा वेगळ्या जागी असतो. सिस्टीम प्रत्येक डेटाचा एक कोड काढते, ज्याला हॅश म्हणतात. अंगठ्याच्या ठशासारखाच समजा. दोन ठसे जुळले की डेटा एकदाच ठेवायचा आणि दोन्ही नावं तिकडे वळवायची. एक नाव डिलीट केलं तरी दुसऱ्यासाठी डेटा राहतो. एका घराने पाणी भरणं सोडलं म्हणून कोणी विहीर बुजवत नाही!

आयफोनमध्ये २०१७ पासून असलेली एपीएफएस सिस्टीम फाइलची कॉपी करताना लगेच नवी जागा घेत नाही. फाइलमध्ये बदल केला, तर फक्त बदललेल्या भागापुरती जागा लागते. अँड्रॉइडवर सेकंड स्पेस वापरलात, तर मूळ ॲप एकदाच साठवलं जातं. पण गेमने नंतर डाउनलोड केलेला डेटा मात्र दोन्हीकडे वेगळा पडतो.

मग फ्री फायर आणि मॅक्सचं काय?

मूळ फ्री फायरवर भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तरी काहींच्या फोनमध्ये ते मॅक्सच्या जोडीला असतं. दोन्हीकडे एकच अकाउंट चालतं, म्हणून डेटाही एकच असेल असं वाटतं. तसं नाही. अँड्रॉइडसाठी ती दोन वेगळी ॲप्स आहेत आणि प्रत्येकाचं फोल्डर वेगळं.

आपण काय करायचं?

१. जुळ्या गेमपैकी एकच ठेवा.

२. सेकंड स्पेस किंवा ड्युअल ॲपमध्ये मोठा गेम टाकू नका.

३. गेमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये जाऊन न लागणारे मॅप आणि रिसोर्स पॅक काढा. काढण्याची सोय प्रत्येक गेममध्ये असेलच असं नाही.

४. डुप्लिकेट फोटो-व्हिडिओ शोधायला गूगलचं फाइल्स ॲप पुरेसं आहे. डिलीट करण्याआधी यादी एकदा नीट बघा.

गेमच्या फोल्डरमध्ये मात्र हात घालू नका. अँड्रॉइड ११ पासून ही फोल्डर्स इतर ॲप्सना बंद आहेत, त्यामुळे 'एका टॅपमध्ये गेम अर्धा करा' म्हणणाऱ्या ॲपला फोनभरच्या परवानग्या देऊ नका. एखादी फाइल उडाली, तर गेम ती परत डाउनलोड करणार. म्हणजे जागा वाचली शून्य, आणि दिवसाचा दीड जीबी डेटा मात्र सकाळीच संपला!